दुसऱ्या घरचा साक्षीदार

पद्माकर आगलावे वाईट गायचा, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कोणी मला त्याचा भक्त समजायचं. भक्त माझी बायको होती, मीनाक्षी. ती मागच्या जुलैत गेली. आगलावे आहे की गेला ते मला माहीत नाही. तो मुळात होता का, यावरच आमच्या दिल्लीच्या मराठी मंडळात वाद आहे.

त्याची एकच कॅसेट निघाली. मीनाक्षीने ती लग्नाआधी इचलकरंजीत, त्याच्या कार्यक्रमाच्या दारातच विकत घेतली आणि लग्नानंतर माझ्या मागे दिल्लीला आणली. आगलावे नाकात गायचा. प्रत्येक ओळीआधी श्वास घ्यायचा, तो पेटीपेक्षा मोठा ऐकू यायचा.

"ह्याला दमा आहे," मी म्हणायचो.

"माणूस आहे, श्वास घेणारच. तुमचे मोठमोठे गवई काय मासे आहेत?"

"अगं, पण लोक चांगलं गाणं ऐकतात, तसं तू का ऐकत नाहीस?"

"मोठ्यांना ऐकायला अख्खा देश बसलाय. ह्याला मी एकटी. मी सोडलं तर तो जाईल कुठे?"

मी भाजी चिरायला घ्यायचो.

नव्वदनंतर बाजारात सगळं मिळायला लागलं, आगलावे सोडून. आम्ही सरकारी क्वार्टर सोडून पटपडगंजच्या सोसायटीत आलो, मारुती घेतली, तिला करोल बागेतून स्टिरिओ बसवून घेतला. त्याच स्टिरिओने कॅसेट खाल्ली. मंडळाची सहल संक्रांतीला पानिपतला गेली होती. काळ्या आंब्याजवळ, लढाईच्या स्मारकापाशी, गाडी उभी करून मीनाक्षीने आगलावे लावला आणि पहिल्या श्वासालाच टेपचा गुंता बाहेर आला. सगळं मंडळ टाळ्या वाजवत होतं. मंडळातला जयंत म्हणाला, "वहिनी, पानिपतात आपली बाजू पहिल्यांदाच जिंकली." तिने आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला.

दुसरी कॅसेट शोधायला ती मला घेऊन पुन्हा करोल बागेत गेली. दुकानदाराने डोकं खाजवलं. "मराठी? गणपतीवाली है, दे दूँ?" आगलावे संपला. उरला तो फक्त मीनाक्षीच्या तोंडात.

आता मंडळाच्या अंताक्षरीबद्दल सांगायला हवं. संक्रांतीनंतरच्या रविवारी, दुपारच्या उन्हात, सोसायटीच्या हिरवळीवर सतरंज्या टाकून आम्ही बसतो. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, मधे शेंगा आणि तिळगूळ. पंच अलकनंदा वहिनी. त्या शास्त्रीय गाणं शिकलेल्या आहेत, क्लास घेतात, आणि हातात स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन बसतात. गाणं बाद झालं की थाळी वाजते.

एका वर्षी जयंताने अडलेल्या अक्षरावर जागच्या जागी गाणं रचून म्हटलं. भांडण झालं. आमच्यात निम्मे लोक मंत्रालयांत नोकरीला, त्यामुळे लगेच नियम झाला. गाणं धरायचं तर साक्षीदार हवा. साक्षीदाराने ते गाणाऱ्याच्या घराबाहेरच्या माणसाकडून किंवा बाहेर कुठेतरी ऐकलेलं हवं. नवरा-बायको म्हणजे एकच घर.

हा नियम झाला आणि मीनाक्षी मेली. म्हणजे तेव्हा नाही, बोलायची पद्धत. तिच्याकडे 'ठ' वरून एक गाणं होतं. अंताक्षरीत 'ठ' वरून गाणं असणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. 'ठाण्याला जाते म्हणाली, ठाण्याला पोचली नाही.' आगलाव्याचं. आणि आगलावे तर आमच्या घराबाहेर कोणी ऐकलाच नव्हता.

"बाद!" थाळी वाजायची.

"वहिनी, आगलावे आहे हो, खरंच आहे. ह्यांना विचारा."

"नवऱ्याची साक्ष चालत नाही."

"अरे यार, आगलावे नावाचा माणूस तुम्ही दोघांनी घरी बसून बनवलाय," जयंत म्हणायचा.

पुढच्या वर्षी 'ठ' आला की मीनाक्षी पुन्हा तेच गायची, पुन्हा बाद. नंतर नंतर तर 'ठ' आला की अख्खी हिरवळ तिच्याकडे बघून हसायची आणि वहिनी चमचा आधीच उचलून ठेवायच्या. पण ती पूर्ण दोन ओळी म्हणायची, मोठा श्वास घेऊन, आगलाव्यासारखा. त्याशिवाय खाली बसायची नाही.

या वर्षी मी जाणार नव्हतो. मग सकाळी कामवालीने विचारलं, दीदीची चप्पल दाराशी पडून आहे, घेऊन जाऊ का? मी म्हटलं, राहू दे. तिने दुसऱ्यांदा विचारलं. मी स्वेटर घालून खाली आलो.

बायकांकडे एक कमी होती. मी जाऊन त्यांच्या सतरंजीवर बसलो.

"विनायकराव, रस्ता चुकलात का?" जयंत ओरडला. "तिकडे बसायला बांगड्या लागतात."

"घरी दोन डझन पडल्यात. तुला देऊ का?"

बायकांनी सरकून जागा केली. शेजारी रेवती होती, पुण्याची, गुडगावच्या एका कंपनीत नवीन लागलेली. तिने माझ्या हातात शेंगा दिल्या आणि विचारलं, "काका, तुम्हाला गाणी येतात?"

"एक येतं," मी म्हटलं.

खरं तर मी त्या एकासाठीच बसलो होतो. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण मीनाक्षीचं ते गाणं एकदा तरी धरलं जावं, एवढं मला हवं होतं. पुढच्या वर्षी कोणी हसलंही नसतं. 'ठ' वर लोक दहा अंक मोजून पुढे गेले असते.

तासभर 'ठ' आला नाही. आला तो पहिला रेवतीने घालवला, तिला कुठलंसं शाळेतलं गाणं आठवलं आणि ते धरलंही गेलं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने शेंगा परत मागून घेतल्या. शेवटी जयंताने एक गाणं घोळवत घोळवत 'गाठ' वर आणून सोडलं आणि मिश्या पुसल्या. "घ्या. ठ."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुरुषांनी मोजायला सुरुवात केली. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, बघत होते ते माझ्या जागेकडे. मी उभा राहिलो. मला उभं राहायची गरज नव्हती, पण ती उभी राहायची.

"ठाण्याला जाते म्हणाली, ठाण्याला पोचली नाही,
पिशवी नेली, छत्री नेली..."

थाळी वाजली. सवयीनेच वाजली असणार, कारण वहिनींनी लगेच थाळीवर हात ठेवून आवाज दाबला. पण वाजली ती वाजली.

"बाद," त्या हळू म्हणाल्या.

"का?"

"भावजी, नियम तुम्हाला माहीत आहे. साक्षीदार कुठे आहे?"

"हे सगळे बसलेत ते. विचारा, कोणी ऐकलं नाही हे गाणं?"

"ह्यांनी मीनाक्षीकडून ऐकलंय."

"मग? आज गाणारा मी आहे. माझ्याकडून कोणी ऐकलंय?"

"एक मिनिट, एक मिनिट," जयंत पुढे सरकला. तो अवर सचिव आहे, नियम निघाला की त्याला राहवत नाही. "पॉइंट बरोबर आहे, पण साक्षीदाराने घराबाहेरच्या माणसाकडून ऐकलेलं हवं. नवरा-बायको एकच घर."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या. "मीनाक्षी काय बाहेरची आहे?"

"सध्या बाहेरचीच आहे, वहिनी," मी म्हटलं. "जुलैपासून घरी आलेली नाही."

सगळ्यांचं शेंगा सोलणं थांबलं. जयंत सतरंजीचा दोरा ओढत बसला. मला उगाच बोललो असं मुळीच वाटलं नाही. नियम त्यांनी केला होता, मी नाही. तेवढ्यात लाईट गेली असावी, कारण पलीकडे सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला. तो चालू असला की चांगलं गाणं आणि वाईट गाणं सारखंच ऐकू येतं. मी तरीही उभाच होतो.

वहिनींनी चमचा थाळीत ठेवला.

"दुसरी ओळ चुकलात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आधी छत्री. मग पिशवी. इतकी वर्षं त्यावर थाळी वाजवतेय, मला विचारा."

आणि त्यांनी श्वास घेतला. वीस वर्षं तानपुऱ्यावर बसलेली बाई, शिकणाऱ्या मुलींचा श्वास ऐकू आला तर रागावणारी. तो श्वास जनरेटरवरून पलीकडे गेला.

"छत्री नेली, पिशवी नेली, चप्पल नेली नाही."

'चप्पल' वर त्या नाकात गेल्या. बरोबर तिथेच आगलावेही जायचा. आणखी कोणीकोणी ओळ उचलली, जयंतही होता त्यात, बेसूर. मी गात नव्हतो. मी खाली बसलो होतो आणि स्वेटरचं बटण लावत होतो, ते लागलेलंच होतं.

"धरलं," वहिनी म्हणाल्या. "पुरुषांनो, ह."

"ह वरून तर शंभर आहेत," जयंत म्हणाला, पण त्याला एकही सुचेना. वहिनींनी मोजायला सुरुवात केली.

रेवतीने मला कोपराने ढोसलं. शेंगा परत माझ्या हातात आल्या होत्या.

"काका, मस्त आहे हे. कोणाचं आहे?"

"पद्माकर आगलावे."

"कॅसेट कुठे मिळेल?"

"कुठेच मिळत नाही. वहिनींचा क्लास लाव."

वहिनींनी मोजता मोजता चमचा उचलून माझ्यावर रोखला. वाजवला मात्र नाही.