हातभर मोकळी जागा

“माझ्या दारात नाय पायजे!” सांडूने डांबराच्या घमेल्यापुढे सायकलच आडवी लावली. “रातभर गाड्या आदळतील. भिंतीला तडे जातील.”

मुकादम वैतागला. गतिरोधकासाठी अख्ख्या गल्लीने सह्या केल्या होत्या, आणि आता तो आपल्या दारात घ्यायला कोणी तयार नव्हते. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

“माझ्या दारात टाका,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांच्या नवऱ्याला, काकासाहेबांना, आता जेमतेम उजेड-अंधार कळायचा. समोर चांदपाशा शिंप्याचे दुकान, आणि त्याचे गुडघे गेलेले. दोघांत मिळून एक धड माणूस, असे गल्ली म्हणायची. काकासाहेब रोज सकाळी काठी टेकत पलीकडे जायचे आणि दुपारपर्यंत दोघे यथेच्छ भांडायचे. तेवढ्या भांडणावर म्हातारा जगत होता. पण रस्ता नवा झाला, पडेगावकडे जाणाऱ्यांना सिग्नल चुकवायची वाट सापडली, आणि डोळसांचीही गाळण उडावी अशा मोटारसायकली सुटू लागल्या.

“फक्त कडंला हातभर मोकळं सोडा, दादा,” बाई म्हणाल्या. “नाय तर पावसाचं पाणी घरात येईल.”

मुकादमाने सोडले.

जीपा, रिक्षा हळू झाल्या. मोटारसायकलवाल्यांना मात्र ती मोकळी जागा दुसऱ्याच दिवशी सापडली. आदळायला नको म्हणून जो तो तिथूनच, बाईंच्या पायरीला घासून जाऊ लागला. हात दाखवून अवलक्षण! आधी रस्ता ओलांडणे अवघड होते, आता दारातून पाय खाली टाकायची चोरी झाली.

बाई पालिकेच्या कचेरीत गेल्या. “गतिरोधक दिला ना, मावशी? आता अजून काय?” साहेब म्हणाला. जागा बुजवावी, तर पाणी तुंबून आपल्या घरात शिरेल म्हणत शेजारचा सांडू धावून आला. त्याचेही खोटे नव्हते. शेवटी बाईंनी तिथे धोंडा ठेवला. संध्याकाळी एक पोरगी लेकराला घेऊन स्कूटीवरून त्यावर आपटली. मनकर्णाबाईंनी लेकराच्या कोपराला हळद लावली, त्याच्यापेक्षा जास्त रडल्या, आणि धोंडा स्वतःच उचलून टाकला.

सकाळी काकासाहेबांनी काठी घेतली.

“अहो, नका जाऊ. पाया पडते तुमच्या.”

“मंग काय, इथंच मरू?”

त्यांनी पायरीखाली काठी टेकली आणि एका मोटारसायकलने ती हातातून उडवली. पोरगा थांबलाही नाही. काकासाहेब भिंतीला चिकटून उभे राहिले. मग चाचपडत उंबऱ्यात बसले.

“काकासाब!” पलीकडून चांदपाशाची हाक आली. “आते क्या नहीं? चाय ठंडी हो री ना!”

“गाड्या कमी झाल्या की येतो!”

मधून चार गाड्या गेल्या. हे त्याला ऐकू गेले की नाही, कोण जाणे.

“हात करतोय का गं तो?” काकासाहेबांनी विचारले.

“व्हय, करतोय,” बाई म्हणाल्या. चांदपाशा केव्हाच मशीनवर वाकला होता.

काकासाहेबांनी हात वर केला, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.