सूर्याजीची खबर

अविधवा नवमीला मी बाजरीची कापणी अर्ध्यावर टाकून रघुनाथरावांकडं जाते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध ते. त्यांच्या आईच्या नावानं मी सवाष्ण जेवते आन् ओटी घेते. मुरार छावणीपल्याडच्या, हिंदी मुलखातल्या आमच्या गावात मराठ्यांची घरं उरलीत मोजकी. पाटावर बसता येईल अशी धड गुडघ्यांची सवाष्ण मीच. दुसरी कुठून आणतील?

त्या म्हातारीचा नवरा सूर्याजी मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बर्म्याला गेला, तवा रघुनाथराव पोटात व्हते. गावातल्याच जयसिंहरावांचा चुलता मिसर देशाच्या वाळूत गेला, गूजरांचा एक पोरगा इटलीत. लढाई गोऱ्यांची, माणसं आमच्या शेतातली. त्या दोघांच्या तारा तरी आल्या. सूर्याजीचं काहीच आलं न्हाई. म्हातारीनं कुंकू पुसलं न्हाई, कुणाची टाप व्हती तिला सांगायची! मळवट भरून, हिरवं लुगडं नेसवूनच तिला पोचवली. म्हणून तिची नवमी, आन् बापाला पाणी न्हाई. जित्याला कसं द्यायचं?

औंदा मी पाय धुवून पाटावर बसले. सून कुमुदिनी पुरण वाढत व्हती. तेवढ्यात तिचा लेक हेमेंद्र दारात. इंफाळकडं, बर्म्याच्या हद्दीवर सडकेच्या कामावर असतो, गाडीतून उतरून थेट आलेला.

"आबा, पणजोबा मिल गये," म्हणाला आन् मोबाइल पुढं केला.

मी मान लांबवून बघितलं. फौजींच्या स्मशानातला दगड. त्यावर नाव, गाव, साल चव्वेचाळीस. परमुलखी मेलेल्याचं सुतक खबर कानी पडली की लागतं. सुतकात कसली नवमी? आन् पुढं तरी कशाची? नवरा गेला की आमच्यात नवमी बंद. मी पाटावरून उठायला लागले.

"बसा, शालिनीबाई." रघुनाथरावांनी फोनकडं पाह्यलंच न्हाई. नातवाला म्हणाले, "हेमेंद्र, पुढं बोलू नको. तू अजून आला नाहीस. नीमाखाली जाऊन उभा राहा."

"अरे आबा, पर..."

"आईचं जेवण होऊ दे."

पोरगं उन्हात जाऊन उभं राह्यलं. कुमुदिनीनं वाढलेलं तूप पानाबाहेर सांडलं. मी जेवले. देवाशपथ सांगते, पानात काही टाकलं न्हाई; त्या बाईचं शेवटचं पान व्हतं ते. रघुनाथराव समोर बसून, "आई, सावकाश," म्हणत व्हते. ऐंशीच्या वरचा माणूस, बापाचं तोंड कधी न पाह्यलेला. मला रडू आवरेना.

कुमुदिनीनं हिरव्या खणानं ओटी भरली. रघुनाथराव माझ्या पाया पडले, जरा जास्तच वेळ. मी उंबरा ओलांडला तवा त्यांनी अंगातला सदरा काढून खुंटीला लावला, सुतकात बसतात तसे उघड्यानं जमिनीवर बसले आन् बाहेर हाक मारली.

"ये हेमेंद्र. सांग आता, आमच्या बापाचं काय झालं."