पांढऱ्या रेघेपलीकडचं रान

लिंबागणेशच्या अलीकडं रस्ता डोंगरातून वळतो. तिथं म्हाळूची मेंढरं थांबली ती थांबलीच. रस्त्यापलीकडं, उताराखाली सुंदररावांचं काळंभोर रान दिसत होतं. खतासाठी आज तिथं मेंढरं बसवायची ठरली होती. "दिवस मावळायच्या आत न्हाई आलास, तर बद्रीनाथाची मेंढरं बोलावीन," असं सुंदररावांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं. ते रान हातचं गेलं, तर दमल्या मेंढरांना आज टेकायला दुसरी जागा नव्हती. आणि ऊन डोंगराच्या डोक्यावर आलं होतं.

घोडं अडलं होतं पुढच्या मेंढीपाशी. म्हाळू तिला पाटलीण म्हणायचा. ती चालली की कळप चालायचा. पण रस्ता नवा झाल्यावर कडेनं पांढरीफेक रेघ मारली होती. उतरत्या उन्हात ती चकाकत होती, आणि पाटलीण काही तिच्यावर पाय ठेवीना. म्हाळूनं हाका मारल्या, चुचकारलं, कान धरून ओढलं. ती खाली बसली.

मेंढरं रस्ता ओलांडणार म्हणून एका अंगाला एसटी, दुसऱ्या अंगाला उसाचा ट्रॅक्टर उभा राहिला.

"ओ मामा," एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "तिला तिकीट काढून देऊ का?"

एसटीत हशा पिकला. म्हाळूचे कान तापले.

मागून त्याची बायको, साखराबाई, घोडी घेऊन आली. तिनं एकदा रेघेकडं, एकदा पाटलिणीकडं बघितलं.

"आवं, खांद्यावरची घोंगडी टाका त्या रेघेवर."

"येडी का काय? देवाचं आसन हाय ते. आपुन कधी पाय लावलाय का?"

"आपुन न्हाई लावला. पर लोकर कुणाची हाय? त्यांचीच वस्तू त्यांच्या पायाखाली गेली, तर देव रागावंल कावून?"

बाप गेल्यापासून ही घोंगडी म्हाळूनं जमिनीवर टाकली होती ती फक्त जागरणाला, देव मांडायला. त्यानं ती कपाळाला लावली आणि रेघेवर पसरली. वाऱ्यानं टोक उडालं. एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या आणि टोक धरून तो उकिडवा बसला.

पाटलीण उठली. घोंगडी हुंगली. तिला आपल्या घरचा वास आला असावा. टप टप करत ती चालून गेली. मधली पिवळी रेघ आली, तेव्हा मात्र घोंगडी मागं राहिली होती. तिनं सरळ उंच उडी मारली, आणि पलीकडच्या पांढऱ्या रेघेवरूनही तशीच. मग काय, मागच्या प्रत्येक मेंढीनं तिथंच, तशीच उडी मारली. कोकरांनीसुद्धा. एसटीतली माणसं खिडक्यांतून मोबाईल काढून बघत राहिली.

"आता कुणाचं तिकीट काढायचं, सायब?" म्हाळूनं विचारलं.

"सगळ्यांचं माफ," ड्रायव्हर चपला घालत म्हणाला.

सुंदरराव बांधावर उभेच होते. उजेड अजून होता.

"आलास बे," ते म्हणाले. "मी बद्रीनाथाला फोन लावणारच होतो."

वाघरीचं जाळं लागलं, मेंढरं आत शिरली. साखराबाईनं तीन दगड मांडून चूल पेटवली. म्हाळूनं घोंगडी झटकली. खुरांचे मातकट ठसे काही निघाले नाहीत. धुवावी का, असं त्याच्या मनात आलं. मग ती तशीच खांद्यावर घेऊन तो पाटलिणीशेजारी जाऊन बसला.