ज्योत आईकडं का झुकली?

कसबा बावड्याच्या नव्या कॉलनीत नेमगोंडा पाटलांच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांची मुलगी रुचिता तापानं गेली होती आणि तिच्या खोलीत आता महाराज बसले होते. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या, पंखा बंद, रुचिताच्या फोटोपुढं दिवा. दाराशी तिची आई, अक्काताई.

"वारा शिरायला सुईएवढी जागा न्हाय!" महाराज गरजले. "पोरी, आईला भेट!"

ज्योत थरथरली आणि अक्काताईंकडं झुकली. बायकांनी हात जोडले.

प्राची गर्दीतून हे बघत होती. रुचिता तिची जिवाभावाची मैत्रीण. इमारतींतून हवा कुठं गळते ते तपासणं हे प्राचीचं कामच. पण तिची नजर अक्काताईंच्या सुजलेल्या पायांवर खिळली होती. "लेक सांभाळतीया, गोळ्या कशाला?" असं महाराजांनी सांगितल्यापासून काकूंनी हृदयाचं औषध सोडलं होतं.

पुढच्या बैठकीला ती सामान घेऊनच आली. "महाराज, खोली तपासू द्या की."

"तपास! देवाला कसली भीती?"

तिनं आधी उदबत्ती भिंतींजवळून फिरवली. धूर सरळ वर गेला.

"बघ, हाय का फट?" महाराज म्हणाले. लोक हसले.

"हवा थांबलेली असली की उदबत्तीला फट कळत न्हाय. हवा ओढून बघायला लागतं."

तिनं दाराच्या चौकटीत कापड ताणून मोठा पंखा बसवला. पंखा आतली हवा बाहेर ओढू लागला, तरी दाब मोजायच्या यंत्रावर खोलीतला दाब म्हणावा तसा उतरेना. म्हणजे कुठून तरी हवा आत येत होती. तिनं पुन्हा उदबत्ती फिरवली. फोटोजवळ धूर झपकन उडाला. फोटो काढला, तर मागं एसीच्या नळीसाठी पाडलेलं उघडं भोक!

"पण त्या दिवशी हवा ओढली कुणी?" नेमगोंडांनी विचारलं.

प्राचीनं आपला पंखा काढला, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन धूर बाहेर फेकणारा पंखा सुरू केला. त्याच्या बटणाशी महाराजांचा चेला रोज 'जपाला' बसायचा. भोकातून शिरलेली हवा दाराखालच्या फटीतून ओढली गेली आणि खोलीत ज्योत झुकली. दाराशी बसलेल्या आईकडं.

गलका झाला. तेवढ्यात महाराज चेल्यासह पसार झाले.

"म्हंजे... ती आलीच नव्हती?" अक्काताईंनी विचारलं.

प्राचीला खोटं बोलावंसं वाटलं, पण ती म्हणाली, "न्हाय आली, काकू."

रुचिता गेल्यापासून न रडलेली ती बाई प्राचीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडून रडली. नेमगोंडांनी गोळी आणि पाणी पुढं केलं. अक्काताईंनी ती घेतली.

दारात रेंगाळलेल्या लोकांना प्राची म्हणाली, "आईचं दुःख खरं हाय. म्हणूनच कुणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी तपासा. तपासलं म्हणून माया कमी होत न्हाय."