सांडव्यावरची भिंत

जतच्या हद्दीला लागून असलेल्या बोरमाळात पाण्याला नको म्हणायची कुणाला सवयच नव्हती. सांगोला तालुक्याचं हे शेवटचं टोक. दुष्काळात टँकरमागं धावायचं आणि पाऊस झालाच तर थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, असा गावाचा स्वभाव बनला होता. त्यातूनच तलावाच्या सांडव्यावर भिंत उभी राहिली. तलाव भरला की जादा पाणी ज्या वाटेनं निघून जायचं, ती वाटच कमरेएवढ्या दगडी भिंतीनं अडवायची, म्हणजे तेवढं पाणी जास्त थांबेल, असं कुंडलिकअण्णांनी गावाला पटवलं. लोकांनी श्रमदान केलं. पुढं विहिरी उन्हाळाभर ओल्या राहिल्या, डाळिंबाच्या बागा झाल्या. अण्णांना लोक वाटेत थांबवून रामराम घालू लागले.

राजनंदिनी त्यांची सून, आणि आता गावची सरपंच.

त्या सप्टेंबरात पाऊस हटायला तयार नव्हता. तलावाचं पाणी भिंतीच्या काठाला लागलं होतं. सकाळी तहसीलमधून फोन आला, की वरच्या माळावर संध्याकाळपर्यंत अतिवृष्टी होणार, सावध राहा. राजनंदिनी छत्री घेऊन बांधावर गेली. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याजवळ, पाणी झिरपत होतं. झिरपणं नवं नव्हतं, पण आजचं पाणी गढूळ होतं. बांधाच्या पोटातली माती त्यातून बाहेर येत होती.

तिनं पाटबंधारेच्या अभियंत्याला फोन लावला. तो माण नदीच्या पलीकडं अडकला होता, पुलावरून पाणी चाललं होतं. त्यानं भिंतीची उंची विचारली. मग म्हणाला, हा बांध एवढं पाणी पेलायला बांधलेलाच नाही. मी येईपर्यंत थांबू नका. भिंत एका कडेनं फोडा आणि पाणी हळूहळू उतरवा, पण त्याआधी ओढ्याकाठची माणसं हलवा.

सांडव्याखालच्या ओढ्याकाठी धनगरवस्ती होती. भिंत झाल्यापासून ओढा कोरडा पडला आणि माणसं घरं, मेंढरांची वाडगी बांधत बांधत पार त्याच्या पात्रापर्यंत उतरली. पंचायत दरवर्षी दुष्काळाचा आराखडा करायची, त्यात भिंत होती. पुराचा वेगळा आराखडा करायची, त्यात वस्ती होती. दोन्हींवर राजनंदिनीचीच सही होती, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असं तिला कधी सुचलं नव्हतं. बांधावरून ती तडक वस्तीकडं उतरली.

वस्तीवर तिचं कुणी ऐकेना. ओढ्याला बोटभर पाणी, आणि ही घरं सोडा म्हणते. वस्तीतल्या थोरल्या म्हाळसाबाईंच्या वाडग्यात नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या होत्या. अंगावर घोंगडं घेऊन म्हातारी दारातच बसून राहिली. राजनंदिनी तिच्यासमोर चिखलात उकिडवी बसली.

"मावशी, मी तलावाचं पाणी सोडणार हाय. ते हितनंच जाईल."

"आमच्या अंगावर सोडतीस व्हय?"

"न्हाय सोडलं तर बांधच येईल अंगावर. मग सांगायलाबी कुणी येनार न्हाय."

म्हाळसाबाईंनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग उठल्या आणि एक कोकरू उचलून राजनंदिनीच्या हातात दिलं. त्या हलल्या तशी वस्ती हलली. शाळेच्या टेकाडावर माणसं, मेंढरं, गाडगी-मडकी, सगळं चढू लागलं. राजनंदिनीनं कोकरू वर पोचवलं आणि तशीच सांडव्याकडं धावली.

तिच्या निरोपावरून गावातल्या बिभीषणचा जेसीबी टेकडीच्या अंगानं, कठीण मुरमावरून, सांडव्यापाशी आला होता. पण यंत्र बंद होतं. भिंतीच्या टोकावर कुंडलिकअण्णा पावसात उभे होते, आणि मागं बागायतदार मंडळी. पाऊस उद्या उघडला तर, असं त्यांचं म्हणणं होतं. सोडलेलं पाणी काय परत येणार आहे का? उन्हाळ्यात बागा कशानं जगवायच्या?

राजनंदिनीनं सासऱ्यांपुढं कधी आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "मामा, माज्यासंगं चला. एक डाव बघा, मग तुमी म्हनाल तसं."

ते खाली उतरले. पायथ्याशी आता बोटाएवढी धार लागली होती, आणि तिच्याभोवतीची माती भिजलेल्या भाकरीसारखी सुटत होती. अण्णांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं. बोटांच्या फटीतून ते गळून गेलं, तळहातावर काळी माती राहिली. त्यांच्या धाकट्या भावानं दुष्काळात दावणीची सगळी जनावरं विकून गाव सोडलं होतं, आणि ती भिंत अण्णांनी त्याच्या नावानं बांधली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. हात धोतराला न पुसताच ते वर चढले.

"बिभीषण, कडंनं घे," ते म्हणाले. "मदी हात लावू नको."

पहिला दगड निघाला तसं पाणी फुसफुसत बाहेर पडलं. बिभीषण थोडं फोडायचा, थांबायचा, पुन्हा फोडायचा. दुपार कलली तेव्हा वरच्या माळावरचा लोंढा तलावात आला. पाणी पुन्हा चढू लागलं. मोकळ्या वाटेनं ते गर्जत निघालं, तरी काठ भरतच होता. बांधाच्या बाहेरच्या अंगाच्या मातीचा एक मोठा थर घसरून खाली आला. सगळे नुसते बघत राहिले.

अंधार पडायच्या आत पाणी चढायचं थांबलं. मग तसूतसूनं उतरू लागलं.

बांध राहिला. ओढ्यानं मात्र आपली जुनी वाट घेतली. म्हाळसाबाईंचं घर आणि वाडगं गेलं, शेजारची दोन घरं गेली. ओढ्याच्या वळणावर अण्णांची डाळिंबाची बाग होती, तिथं गोटे उरले. माणूस एकही गेलं नाही.

पाणी ओसरल्यावर ग्रामसभा भरली. अभियंता आला होता. काढता-घालता येतील अशा लोखंडी फळ्या सांडव्याला बसवता येतील, पावसाचा अंदाज आला की काढायच्या, पण बांध आधी मजबूत करावा लागेल आणि तोवर तलाव कमीच भरावा लागेल, असं त्यानं सांगितलं. बागायतदार चिडले. हातचं पाणी घालवून गाव बुडवलं, असंही एकजण राजनंदिनीकडं बघून पुटपुटला.

मग म्हाळसाबाई उठल्या. "फळ्या बसवा न्हायतर काय बी करा. आमी कुटं ऱ्हायाचं, ते आदी बोला."

राजनंदिनी काही बोलणार, तोच अण्णा काठी टेकत उभे राहिले. शाळेमागं टेकाडाला लागून त्यांचं रान होतं, तिथं वस्तीला जागा देतो, असं म्हणाले. घरात त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. राजनंदिनीनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

"बघतीस काय?" अण्णा म्हणाले. "आराखड्यात घाल की. दोन्हीत."