खिळ्यावरचा हेडसेट

मित्रांनो, घाटंजीच्या एका घरात खिळ्याला टांगलेला मी एक जुना हेडसेट आहे. माझ्या कानाची गादी फाटली आहे, पण ऐकू अजून नीट येते.

यवतमाळच्या एका कॉल सेंटरमध्ये मी मोनालीच्या डोक्यावर बसायचो. टीव्ही बंद पडला म्हणून चिडलेली माणसे फोन करत. मोनाली त्यांचे निवांत ऐकून घेई, आणि फोन ठेवताना तीच माणसे तिला आशीर्वाद देत. मला वाटे, हे कौतुक निम्मे माझेच आहे.

शेजारच्या टेबलावर स्पृहा नवीन आली. तिला काम मोनालीने शिकवले. पण तिला हेडसेट मिळाला कोरा, मऊ गादीचा. त्या दिवसापासून मी जळू लागलो.

मग कंपनीची फेररचना झाली. यवतमाळचे सेंटर बंद करून काम नागपूरला नेणार, असे साहेबांनी सांगितले. आमच्या खोलीतून एकट्या स्पृहाला नेले. तो मऊ हेडसेटही गेला. मला कोणी मागितलेच नाही, म्हणून मोनालीने पिशवीत टाकून घरी आणले.

"माह्याजवळ शिकली, अन् तिलेच नेऊन राह्यले," ती आईला म्हणाली. स्पृहाचे फोन तिने उचलणे सोडले. आम्ही दोघेही एकाच दुखण्याने आजारी होतो.

पुढे मोनालीला यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात फोन घेण्याचे काम लागले. वर्ष सरले आणि एका रविवारी स्पृहा दारात उभी राहिली. नागपूरचे सेंटरही बंद झाले होते. हेडसेट कंपनीने काढून घेतला होता. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. मोनालीच्या चेहऱ्यावरही क्षणभर तेच दिसले.

"फोन काहून नाही उचलला माहा?" स्पृहाने विचारले.

"तुह्यावर जळत होती मी," मोनाली म्हणाली.

स्पृहा रडू लागली. मोनालीने तिला पाणी दिले, जेवू घातले. दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला माणूस हवे होते. सोमवारी ती स्पृहाला सोबत घेऊन गेली, डॉक्टरांशी स्वतः बोलली. काम मिळाले.

आता दोघी माझ्यासमोर बसून दवाखान्यातल्या नव्या फोनचे गुण गातात. मी अजूनही जळतो. पण मित्रांनो, मी वस्तू आहे, मला खिळ्यावर ठेवले तरी चालते. ज्याचे काम सुटले त्या माणसाला असे टांगून ठेवू नका. त्याचा फोन आला तर उचला.