माझा हुक हलतो, हलू द्या

मित्रांनो, जरा लांबूनच बसा. रागावू नका, माझा स्वभावच संशयी आहे. मी एक जुनी मापाची टेप आहे; पाच मीटर लांब, पिवळ्या पात्याची, आणि पेटीचा एक कोपरा उडालेली. माझ्याशी बोला, मला हातात घ्या, पण माझ्या टोकाकडे कुणाचं बोट वळलं की माझं पातं अजून आपोआप आत सरकतं. का, ते सांगते.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. पोलादाच्या लांबलचक पट्टीला पिवळा रंग दिला, त्यावर काळे आकडे छापले, आणि टोकाला दोन रिव्हेट मारून एक हुक बसवला. रिव्हेटची भोकं मुद्दाम लांबट ठेवली, म्हणजे हुक मागेपुढे हलावा. किती? तर बरोबर स्वतःच्या जाडीइतका, एक मिलिमीटर. फळीच्या कडेला अडकवून मला ओढलं की हुक पुढे येतो, भिंतीला टेकवून दाबलं की मागे जातो. त्यामुळे त्याची स्वतःची जाडी मापात कधीच मिसळत नाही. हे हलणं म्हणजे माझा खरेपणा. पण बघणाऱ्याला ते कसं दिसतं? ढिलं! ढिलं दिसणाऱ्याच्या नशिबी काय येतं, ते मला दुकानातच कळलं.

दुकानात मी खिळ्याला टांगलेली होते. एका बाजूला रबरी अंगरख्याची, भारी किमतीची टेप. दुसऱ्या बाजूला एक इतकी स्वस्त, की तिचे आकडे बोटाला लागायचे. मी मधली. गिऱ्हाईक यायचं, मला खर्रकन ओढायचं, हुक हलवून बघायचं आणि म्हणायचं, "अहो, ही तर खिळखिळी आहे!" आणि परत खिळ्यावर. येणारा प्रत्येक हात मला परत टांगायलाच आलाय असं मला वाटायला लागलं.

मग एक दिवस ती आली. बाह्या वर दुमडलेल्या, केसांत भुसा, आणि हातात फडक्यात गुंडाळलेली एक फूटभर पोलादी पट्टी. तिनं आम्हा तिघींना गल्ल्यावर ओळीनं आडवं केलं.

आधी आमचं पातं हवेत सरळ पुढे काढत नेलं, कुठे मोडून खाली पडतं ते बघायला. स्वस्त टेप हातभर जाऊन मान टाकून बसली. मी दोन हात टिकले. भारी टेप आणखी पुढे गेली, तशी दुकानदाराची मान ताठ झाली. मग पातं धरून ठेवणारी कळ दाबून ते ओढून पाहिलं, सरकतं का. मग फडकं सोडून पोलादी पट्टी काढली आणि तिच्यावर आम्हाला एकदा अडकवून, एकदा टेकवून, दोन्हीकडून मोजलं.

दुकानदार कंटाळला. "ताई, टेप घेताय की जावई निवडताय?"

"जावई चुकला तर एकच घर बिघडतं," ती मान वर न करता म्हणाली. "टेप चुकली तर मी जाईन त्या प्रत्येक घरात बिघाड."

भारी टेपचं माप टेकवल्यावर केसभर चुकत होतं. स्वस्त टेपचं दोन्हीकडून. माझं दोन्हीकडून बरोबर. तिनं माझा हुक बोटानं हलवला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते हलणं बघून हसलं. "हीच द्या."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, ही इतकी गोड हसते आहे, म्हणजे काहीतरी असणार.

काहीतरी होतंच. ते तिच्या घरी होतं.

ती त्या घरची सून. नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. घरामागच्या सुतारकामाच्या कारखान्यात सासरे, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकलेली ही. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. बाकी सगळे त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणायचे. खिळ्यांचं पुडकं आलं तरी मामा खिळे मोजून घेत. सासूबाई म्हणायच्या, "मला बघायला आले होते ना, तेव्हा माझ्या घराच्या दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते आधी बघितलं. नंतर मला!"

"चौकट वाकडी होती," मामा अजूनही म्हणत.

पण मामांचे हात आता थरथरायला लागले होते. वखारवाला दोनदा येऊन करवतीचं यंत्र आणि रंध्याचं यंत्र बघून गेला होता. विकून टाकायचं, कारखान्याला कुलूप लावायचं, असं मामांच्या मनात चाललं होतं. सून म्हणाली, "मामा, एक काम मला एकटीला करू द्या. जमलं नाही तर खुशाल विका. मी पुन्हा रंध्याला हात लावणार नाही."

मामा म्हणाले, "बघू."

कबूल करताना ते एवढंच म्हणायचे.

मी त्या घरी आल्यापासून पहिलं वर्षभर ती रोज सकाळी मला पोलादी पट्टीवर तपासायची. मग कामाला लागायची, आणि रंधा चालवताना गुणगुणायची:

रंधा फिरे फळीवरी, साल निघे कुरळी,
लाकडाच्या पोटी बाई, किती उन्हं मुरली.

हळूहळू तिचा माझ्यावर विश्वास बसला. तपासणी आठवड्यावर गेली, आठवड्यावरून महिन्यावर, आणि मग राहिलीच. मित्रांनो, तेव्हा मी फुशारले. आज वाटतं, तेव्हाच घाबरायला हवं होतं.

मामांनी "बघू" म्हटल्यावर थोड्याच दिवसांत ते मोठं काम आलं. एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, औषधांचं कपाट. आठ खोके शेजारी शेजारी. त्यांनी एकच अट घातली: "भिंत आणि कपाट यांत फट नको. फटीत किडे होतात, आणि इथे आजारी माणसं येतात." सूनबाईंनी मला भिंतीला टेकवून माप घेतलं, चार हजार आठशे मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक खोका सहाशेचा. हेच ते एकटीनं करायचं काम.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला गेली आणि मी फळीवर पडून होते. मामा आले. त्यांनी मला उचललं, हुक हलवला. पुन्हा हलवला. "खिळखिळी," असं पुटपुटले. मग त्यांनी ऐरणीच्या तुकड्यावर माझं टोक ठेवलं, हुक आत दाबला आणि छोट्या हातोडीनं रिव्हेटवर टक टक टक. थरथरत्या हातानं, पण बेतशीर. हुक हलायचा थांबला. मामांनी मला होते तिथेच, होते तशीच ठेवलं.

मला ओरडता येत नाही. मला फक्त आकडे दाखवता येतात, आणि आता तेही खोटे होते. आत दाबून बसलेल्या हुकानं फळीला अडकवून मोजलं की त्याची जाडी मापात शिरायची. मी सहाशे म्हणायचे, लाकूड असायचं पाचशे नव्व्याण्णव.

आठ दिवसांत खोके तयार झाले. दवाखान्यात नेले, ओळीनं मांडले. शेवटचा खोका लागला आणि कोपऱ्यातून उजेडाची एक उभी रेघ दिसली.

मामांनी कानावरची पेन्सिल काढली आणि त्या फटीत घातली. पेन्सिल आत जाऊन उभी राहिली.

सूनबाईंचा चेहरा पांढरा पडला. तिनं पुन्हा भिंत मोजली, चार हजार आठशे. खोके मोजले, एकेक सहाशे. आकडे जुळत होते, लाकूड जुळत नव्हतं. मग संशय खोलीभर फिरायला लागला. आधी गवंड्यावर गेला: मधल्या काळात त्यानं भिंत खरवडली का? मग लाकडावर: ओलं होतं, आटलं का? मग तिच्या स्वतःच्या हातांवर येऊन बसला. ती आपल्याच तळव्यांकडे बघत राहिली.

शेवटी तिनं फडक्यातून पोलादी पट्टी काढली आणि दोनदा जोडून खोक्यावर धरली. पाचशे नव्व्याण्णव. मग तिनं माझं टोक डोळ्यांजवळ नेलं. हुक हलवला, हलेना. रिव्हेटच्या डोक्यांवर हातोडीचे चकचकीत, ताजे घाव होते. तिनं मामांकडे पाहिलं. मामा खिडकीबाहेर बघत होते.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. फट बघून म्हणाल्या, "हे कुणी चुकवलं?"

"मी," सून म्हणाली. "पूर्वी सकाळी टेप तपासायचे. यावेळी तपासली नाही."

मामा वळले. एवढा संशयी माणूस, पण त्या क्षणी त्यांनी सगळा संशय स्वतःवर घेतला.

"नाही," ते म्हणाले. "टेपचा हुक मी ठोकला. हलत होता म्हणून नीट करायला ठोकला." मग आवाज खाली गेला. "की हिचं काम बिघडावं म्हणून, ते माझं मलाच नक्की सांगता येत नाही. ही एकटी करतेय, बरोबर करतेय, हे रोज बघत होतो."

सून खाली बसली, आणि तिनं सामानातून एक फळी ओढली. "मामा, रडायला नंतर वेळ काढू. आठ मिलिमीटरची पट्टी रंधायची आहे, भिंतीला नेमकी बसेल अशी. तुमचा रंधा माझ्यापेक्षा हलका चालतो."

"हात थरथरतो माझा."

"रंधा धरल्यावर थरथरत नाही. मी बघितलंय. मीही संशयीच आहे, तुमच्याकडेच शिकले."

मामा रंधत होते, ती मोजत होती. माझा हुक कामाचा नव्हता, म्हणून ती दहाच्या आकड्यापासून माप धरायची आणि मनात दहा वजा करायची. प्रत्येक वेळी मामा विचारत, "वजा केलेस ना?" आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "केले, मामा." पट्टी बसली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीचा कागद घेऊन कोपऱ्यात सरकवून पाहिला. कागद आत गेला नाही.

चार दिवसांनी वखारवाला आला. यंत्रांभोवती फिरला, पाती बोटानं चाचपली आणि म्हणाला, "मग काय ठरवलंत?"

मामा स्टुलावर बसून खिळे मोजत होते. "मला काय विचारता?" ते म्हणाले. "कारखाना तिचा आहे. तिला विचारा. पण नीट विचारा हं, ती फार उलटतपासणी घेते."

वखारवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. ती करवतीचं यंत्र सुरू करत होती. त्या आवाजात त्याचं पुढचं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही.

नवी टेप आली. मी आता मापाला नसते. फक्त लांबून अंदाज घ्यायला. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडे मागणं आहे. संशय घ्या, जरूर घ्या. ज्याला संशय येत नाही त्याच्या हातचं कपाट मी माझ्या घरात लावणार नाही. पण संशय आला की आधी पोलादी पट्टी काढा, तपासून बघा, ज्याचं काम आहे त्याला विचारा. एखादी गोष्ट हलते म्हणजे ती ढिलीच असते असं नाही. माणसाचंही तसंच आहे. आणि कुणाच्या पाठीमागे, तो जेवायला गेलेला असताना, त्याला नीट करायला हातोडी उचलू नका. तो घाव आपल्या हातून पडतो, आणि आठ खोक्यांनंतर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो.